चेन ढिली असू दे, कोरडी नको

आजवर तू चालवलीस ती स्प्लेंडर. तिची चेन पत्र्याच्या पेटीत बंद असते, म्हणून तिच्याकडे बघायची सवय तुला लागली नाही. आता घेतलेल्या एक्सपल्सची चेन उघडी आहे. कुंभार्ली घाटातला चिखल, गुहागरची वाळू, कऱ्हाडकडची उन्हाळी धूळ, सगळं थेट तिच्यावर येणार. म्हणून हे मामाचं ऐकून ठेव, पोरी. गॅरेजमध्ये कोणी एवढं उभं राहून सांगणार नाही.

आधी चेन मरते कशी ते कळू दे. प्रत्येक जोडात एक पिन, तिच्यावर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. १८८० साली मँचेस्टरला हान्स रेनॉल्डने केलेली ही रचना आजही तशीच आहे. लोक म्हणतात चेन ताणली गेली, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आत पिन आणि बुश एकमेकांना घासून झिजतात. एका जोडात केसाएवढी झीज, पण जोड शंभराच्या वर, म्हणून चेन लांबते. बाहेरून चकचकीत दिसणारी चेनही आतून संपलेली असू शकते.

यावरचा इलाज म्हणजे ओ-रिंगची चेन. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या पट्टीमध्ये बारीक काळी रबरी रिंग असते. कारखान्यातच पिनपाशी भरलेलं ग्रीस ती आत धरून ठेवते आणि धूळ बाहेर ठेवते. तुझी चेन पुसून पट्ट्यांच्या फटीत नीट बघ. रिंग दिसली तर ठीक. नसेल, तर पुढचा सेट बसवताना ओ-रिंगचा किंवा एक्स-रिंगचा घे. एक्स-रिंगचा घर्षणरोध कमी आणि ग्रीस धरण्याची ताकद जास्त. तुझ्यासारखी पावसाळाभर फिरणारी असेल, तर जास्तीचे पैसे तिथेच घालावेत.

घेताना पट्टीवर कोरलेला आकडा बघ. ४२८ असेल तर पहिल्या ४ चा अर्थ अर्ध्या इंचाचं अंतर, म्हणजे पिनपासून पिनपर्यंत १२.७ मिलिमीटर. ५२० मधल्या ५ चा अर्थ पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. शेवटचे दोन आकडे आतली रुंदी सांगतात. आकडा मोठा म्हणजे चेन भारी, या समजुतीत राहू नकोस. दात्यांचा आणि चेनचा आकडा जुळलाच पाहिजे. तुझ्या गाडीवर आहे तोच आकडा ठेव, फक्त चेन चांगली घे. रिंगवाल्या चेनची पिन थोडी लांब असते, तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर बसवण्याआधी चाक हाताने फिरवून चेन इंजिनच्या केसिंगला कुठे घासत नाही ना, ते बघून घे.

आणि सेट म्हणजे तिन्ही: चेन, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट. जुन्या दात्यांवर नवी चेन घातली तर झिजलेले दाते तिला काही महिन्यांत आपल्यासारखी करतात.

दुकानदार पुढे एक दाता कमी कर म्हणून सांगेल. समज पुढे १३ आणि मागे ४० दाते आहेत. पुढे १२ केले की ओढ साधारण ८ टक्के वाढते. मागे तीन दाते वाढवल्यावर मिळते जवळजवळ तेवढीच. दगडांच्या वाटेवर, चढावर हे खरंच उपयोगी पडतं, पण हायवेला त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी. छोट्या स्प्रॉकेटवर चेन जास्त वळते आणि लवकर झिजते. शिवाय ती खाली बसते, त्यामुळे स्विंगआर्मच्या तोंडावरच्या स्लायडरला जास्त घासते. चेनचे जोड नेहमी सम संख्येत असतात. पुढचे दाते विषम असले तर प्रत्येक दाता आलटून-पालटून आतल्या आणि बाहेरच्या जोडात बसतो आणि झीज वाटली जाते. १२ केले की तोच दाता कायम त्याच प्रकारच्या जोडात. तुझा रोजचा रस्ता कऱ्हाड-चिपळूण असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: कंपनीने दिलेले दाते राहू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गॅरेजमध्ये गाडी टेकवून “चेन टाइट करून द्या” असं कधीच म्हणू नकोस. या गाडीचा मागचा सस्पेन्शन लांब चालतो. गाडी खड्ड्यात बसली की मागचं चाक वर जातं, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची बिजागरी व मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर नीट दिसणारी चेन त्या क्षणी तारेसारखी ताठ होते. मग इंजिनच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील मार खातं, मागच्या चाकाचं बेअरिंगही. चेन जरा ढिली असेल तर नुसती खडखडते. ताठ असेल तर न वाजता खर्च काढते.

ढिलेपणा किती, ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तोच आकडा पाळ. स्टँडवर की माणूस बसवून मोजायचं, तेही तिथेच वाच. खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करायची आणि पूर्ण हालचाल मोजायची. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोज, कारण झिजलेली चेन एका जागी घट्ट आणि एका जागी सैल असते. जिथे सर्वांत घट्ट, तिथलंच माप धर. मग दादाला पुढे आणि एका जड माणसाला मागे बसव. दोघं दाबून बसल्यावरही चेन बोटाने थोडी हललीच पाहिजे.

अ‍ॅक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरव. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण विश्वास ठेवू नकोस. दोन्ही बाजूंना बिजागरीच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत टेपने मोज. नट आवळताना चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये गुंडाळलेलं फडकं अडकव, म्हणजे चाक पुढे सरकून अ‍ॅडजस्टरला टेकून राहतं. नट आवळला की माप परत घे, बहुतेक वेळा बदललेलं असतं. स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच कड चकाकत असेल, तर चाक तिरकं आहे.

साफसफाईला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, तारेचा ब्रश नको, वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट चेनवर नको. तिन्हीने रबर जातं आणि मग आतलं ग्रीस गेलंच समज. गॅरेजमधलं जळकं ऑइलही नको, त्यात इंजिनची घाण असते. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा रिंगवाल्या चेनसाठीचा स्प्रे खालच्या बाजूच्या आतून लाव, म्हणजे फिरताना ते बाहेर पसरतं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असतानाच हे कर, रात्रभर मुरू दे, सकाळी जास्तीचं पुसून टाक. चिकट थर राहिला की त्यावर धूळ बसून चेन खाते. साधारण ५०० किलोमीटरला हे पुरे, पावसात मात्र रोज. समुद्राच्या वाळूतून आलीस तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धू, थोडी चालवून वाळव, तेल लाव.

मेन स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँड घे किंवा गाडी थोडी-थोडी पुढे ढकलत तुकड्या-तुकड्याने चेन पूस. इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायची नाही. बोट दात्यात गेलं तर परत मिळत नाही. हे मी मागून सांगत असलो तरी सगळ्यात आधी लक्षात ठेव.

झीज मोजायची तर चेन ताणून धर आणि २० जोडांची, म्हणजे २१ पिनांची लांबी घे. ४२८ ची नवी चेन २५४ मिलिमीटर भरते. २५९ च्या आसपास गेली की सेट बदल. टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या शेवटच्या टोकाला चेन मागे ओढून बघ. अर्धा दाता उघडा पडला, तर संपली.

लांबच्या प्रवासात त्याच आकड्याचं क्लिप लॉक आणि त्याच्या चार छोट्या रिंगा जवळ ठेव. वरच्या बाजूला लॉक लावशील तेव्हा क्लिपचं बंद टोक इंजिनकडे असलं पाहिजे, कारण चेन तिकडेच धावते. उघडं टोक पुढे राहिलं तर दगडाच्या एका धक्क्याने क्लिप उडते.