हंटरला काय लावावं, काय काढावं

पनवेलच्या उरण नाक्यावर संध्याकाळी जरा वेळ उभं राहिलं, तरी गोल दिव्याच्या, जुन्या वळणाच्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतात. होंडाची सीबी ३५०, जावा ४२, टीव्हीएसची रोनिन आणि माझ्या डोळ्यांना सगळ्यांत जास्त दिसते ती रॉयल एनफिल्डची हंटर ३५०. शोरूममधून निघाली तशीच राहिलेली हंटर मात्र शोधावी लागते. कुणी सायलेन्सर बदललेला असतो, कुणी आरसे हँडलच्या टोकांना नेलेले असतात, कुणी मागचा मडगार्ड अर्धा कापलेला असतो. माझ्याकडे आहे ती हंटरही अशीच आली. पहिल्या मालकाने हौसेनं सजवलेली, एमएच-४६ पासिंगची, मेट्रो प्रकारातली ही गाडी मी सेकंड हँड घेतली आणि सवडीनं तिच्यावरचं एकेक सामान उतरवलं. उतरवताना गाडी आतून बघायला मिळाली. कुठली वस्तू तिला खरंच मदत करते आणि कुठली तिचं आयुष्य कमी करते, हे मला तिथे कळलं. आज अनेक तरुण पहिल्या पगारातून हप्ता काढून ही गाडी घेतात आणि दुसऱ्याच महिन्यात तिला काय काय लावायचं याच्या याद्या करतात. त्यांनी हे वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी गाडी समजून घेऊ. हंटर ऑगस्ट २०२२ मध्ये आली, तेव्हा तिच्या सर्वांत स्वस्त प्रकाराची एक्स-शोरूम किंमत १,४९,९०० रुपये होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ती आणखी स्वस्त झाली. इंजिन ३४९ सीसीचं, मिटिऑर आणि क्लासिकमध्ये आहे तेच. सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८५.८ मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा इतकी लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं. २७ न्यूटन मीटरचा टॉर्क ४,००० फेऱ्यांना मिळतो आणि २०.२ बीएचपी ताकद ६,१०० फेऱ्यांना. थोडक्यात, ही गाडी पळवण्यासाठी बनवलेलीच नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये शांतपणे ओढत नेण्यासाठी ती बनवली आहे.

दुसरी गोष्ट आपल्या रस्त्यांची. पनवेलकराच्या दारातून द्रुतगती मार्ग सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. अटल सेतूवरही बंदी. मग उरतो शेडुंग-खोपोलीवरून जाणारा जुना पुणे रस्ता, पळस्प्याहून सुटणारा गोवा महामार्ग, कंटेनरांनी भरलेला जेएनपीटीचा रस्ता आणि कळंबोलीवरून तळोजा एमआयडीसी. वर जून ते सप्टेंबर कोकणचा पाऊस. या रस्त्यांवर गाडीकडून काय हवं? रात्री पुढचं दिसलं पाहिजे, मागचा कंटेनर आरशात दिसला पाहिजे, ओल्या रस्त्यावर टायरने धरून ठेवलं पाहिजे आणि खड्ड्यात कंबर वाचली पाहिजे. लोक ज्यावर पैसे घालतात त्यातलं बरंचसं यांपैकी एकही गोष्ट देत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने हंटरची नवी आवृत्ती आणली, तेव्हा काय बदललं ते बघण्यासारखं आहे. पहिल्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन कडक आहे, ही तक्रार चालवणाऱ्यांकडून आणि परीक्षण लिहिणाऱ्यांकडून सतत येत होती. नव्या गाडीत मागच्या स्प्रिंग बदलल्या. जमिनीपासूनची उंची १० मिलिमीटरने वाढवली. क्लच हलका केला, वरच्या प्रकारांना एलईडी हेडलाइट दिला. इंजिनाची ताकद आणि टायरची रुंदी होती तीच ठेवली. माझ्या मते, जुनी हंटर असणाऱ्याने पैसे कुठे घालावेत याचं उत्तर त्या बदलांमध्येच आहे.

आता माझ्या गाडीवर काय होतं ते सांगतो.

सायलेन्सर बाहेरचा होता, आखूड आणि आतून जवळजवळ मोकळा. मूळ सायलेन्सर पहिल्या मालकाने विकून टाकला होता. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. प्रत्यक्षात या लांब धावेच्या इंजिनाला त्यातून मिळण्यासारखं फार काही नाही. इंधन किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो आणि तो एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर अवलंबून असतो. जुन्या बुलेटच्या कार्बोरेटरचा जेट बदलून मिस्त्री सगळं जुळवून आणायचा, तसं इथे होत नाही. अॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज यायचा तो यामुळेच. बेंडपाइपसकट पूर्ण एक्झॉस्ट बदलला, तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो. कायदाही इथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. पण दंडापेक्षा मला आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कामगार जास्त महत्त्वाचे वाटतात. मूळ सायलेन्सर लोक काढून विकतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतला जुना मिळायला अडचण आली नाही. तो बसवल्यावर लांबच्या प्रवासात डोकं दुखायचं थांबलं.

खरा धोका मात्र दिव्यांचा निघाला. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब होता आणि लेग गार्डवर दोन फॉग लाइट. जुलैतल्या एका रात्री तळोज्याहून येताना कळंबोली सर्कलच्या अलीकडे, मुसळधार पावसात गाडी एकदम बंद पडली. हेडलाइट, मागचा लाल दिवा, इंडिकेटर, मीटर, सगळं एका क्षणात गेलं. मागून कंटेनर येत होते आणि मी त्यांना दिसत नव्हतो. गाडी रस्त्याच्या कडेला ढकलत नेईपर्यंतची ती भीती अजून अंगावर येते.

दुसऱ्या दिवशी जुन्या पनवेलमधल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने हेडलाइट उघडला. "साहेब, हे बघा," म्हणाले, "वायर सोलून नुसती गुंडाळलीय आणि वरून टेप." फॉग लाइटना रिले नव्हता, स्वतंत्र फ्यूज नव्हता. सगळा भार हेडलाइटच्या मूळ वायरीवर टाकलेला. टेपच्या आत पाणी शिरून तांब्याला हिरवा गंज चढलेला. हँडल वळताना ती वायर स्टीअरिंगच्या लोखंडाला घासून सोलली होती आणि शॉर्ट होऊन मुख्य फ्यूज उडाला होता. त्यांनी मला दुसऱ्या गाड्यांबद्दल जे सांगितलं ते याहून भयंकर होतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून लोक त्या जागी जास्त अँपिअरचा बसवतात. मग फ्यूज जळायच्या ऐवजी वायर तापते, आणि ती वायर टाकीच्या खालून गेलेली असते.

दिवे लावायचेच असतील तर कसे, तेही त्यांच्याकडूनच शिकलो. बॅटरीपासून वेगळी, योग्य जाडीची वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज, मधे रिले, आणि रिलेला इशारा इग्निशनवरून, म्हणजे चावी काढली की दिवे बंद. जोड कपलरने, पाणी न शिरणारे. मूळ वायरिंग कुठेही कापायचं नाही. कापलं तर वॉरंटीचा इलेक्ट्रिकल भाग हातचा गेलाच, शिवाय पुढच्या बिघाडाचं मूळ सापडत नाही. दिव्यांचा रोख खाली, आणि समोरून गाडी आली की ते बंद.

एलईडी बल्बबद्दल थोडं अधिक. हॅलोजनच्या हेडलाइटचा आरसा त्या बल्बच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. तिथे दुसऱ्या आकाराचा एलईडी घातला की प्रकाश भलतीकडे फाकतो. चालवणाऱ्याला समोर पांढरंशुभ्र दिसतं, पण दूरचा रस्ता उजळत नाही आणि समोरून येणारा आंधळा होतो. पेण रस्त्यावर पावसात समोरून असा दिवा आला, की माझा हात आपोआप ब्रेककडे जातो. बदलायचाच असेल तर पूर्ण हेडलाइटच बदला, एलईडीसाठीच बनवलेला आणि रस्त्यावर वापरायला मान्यता असलेला. मी काच आणि रिफ्लेक्टर स्वच्छ करून चांगला हॅलोजन बल्ब बसवला आणि रोख नीट लावून घेतला. पुरतो.

मागचा टायर हे असंच एक आकर्षण आहे. मेट्रोला मागे १४०/७०-१७ येतो. माझ्या गाडीला १५०/६०-१७ होता, रुंद दिसावा म्हणून. साधं गणित करा. १४०चे ७० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर ही टायरची उंची. १५०चे ६० टक्के म्हणजे ९०. दिसायला गुबगुबीत टायर, पण गाडी मागून ८ मिलिमीटर खाली बसते. कंपनीने नव्या गाडीत उंची १० मिलिमीटरने वाढवली आणि आपण पैसे देऊन जवळजवळ तेवढी घालवतो! पनवेलच्या गतिरोधकांवर तो फरक पोटाला लागतो. तो झिजल्यावर मी मूळ मापाचा, पावसाळी रस्त्यावर चांगला धरणारा टायर घेतला. आजवर या गाडीवर केलेला सर्वांत सार्थकी लागलेला खर्च तो.

हँडलच्या टोकाचे आरसे दिसायला देखणे, पण त्यात मागचा कंटेनर ठिपक्याएवढा दिसतो आणि बाजारातल्या गर्दीत ते अडकतात. उतरवले. मागचा मडगार्ड कापलेला होता, त्यामुळे चिखल मागे बसणाऱ्याच्या पाठीवर उडायचा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची पकड, पायदान आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण, म्हणजे साडी गार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. साडी गार्ड म्हणजे जुन्या काळची अडगळ, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या आईची किंवा बायकोची ओढणी चाकात जाताना डोळ्यांसमोर आणावी.

कायद्याची चौकट एवढीच की, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

मग लावावं काय? ओळखीच्या मालकांशी बोलताना वर्षा-दोन वर्षांनंतरही ज्यांची कुणी तक्रार करत नाही अशा गोष्टी थोड्याच निघतात. पहिली तर फुकट आहे. मागच्या शॉकअपच्या प्रीलोडला, म्हणजे स्प्रिंगच्या ताणाला, सहा पायऱ्या असतात. एकटे चालवत असाल तर सर्वांत मऊ पायरीवर आणा आणि हवा पुस्तिकेत दिलीय तेवढीच भरा. पेट्रोल पंपावर ठोकून हवा भरतात, निम्मा कडकपणा तिथूनच येतो. एवढ्यावर पाठ दुखायची थांबली नाही, तरच बाहेरच्या शॉकअपचा विचार करा. दुसरी गोष्ट चांगला लेग गार्ड. गाडीचं वजन १८० किलोच्या घरात, ती ओल्या रस्त्यावर आडवी झाली तर पाय वाचतो. तो कंपनीने दिलेल्या जागांवरच बसला पाहिजे, वेल्डिंग करून नाही. तिसरी, इंजिनाखालचं गार्ड, पण ऑइल बदलायला भोक असलेलं. फोनसाठी यूएसबी घ्या, फ्यूजसकट. सीटवर जेलचं कव्हर घेणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की ते पावसात पाणी धरतं आणि पहिल्या गाड्यांमधली मुळातली ८०० मिलिमीटर उंची आणखी वाढवतं. बुटक्या माणसाचे पाय मग सिग्नलला पूर्ण टेकत नाहीत. आणि हे सगळं घेण्याआधी चेन, ब्रेक पॅड आणि टायर यांकडे बघा. पावसाळ्यात चेनला वंगण द्यायला आळस करणाऱ्याची गाडी कुठल्याच सामानाने चांगली चालणार नाही.

मी आता एकच कसोटी लावतो. वस्तू स्पॅनरने बसते आणि स्पॅनरने निघते का? कापायला, सोलायला, वेल्डिंग करायला लागत असेल तर नको. काढलेला प्रत्येक मूळ भाग कापडात गुंडाळून घरात ठेवावा. हंटर विकत घेणारा माणूस मूळ सायलेन्सर आहे का, हे आधी विचारतो.

लावलेलं सामान विमा कंपनीला कळवा, पॉलिसीत नोंदवून घ्या आणि पावत्या जपा. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या दिव्यांसारख्या वस्तूंना वेगळा हप्ता भरूनच संरक्षण मिळतं. आणि कुणी सजवलेली जुनी हंटर विकत असेल, तर सौदा ठरवण्याआधी एवढं करा: आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग जुळतो का बघा, हाय सिक्युरिटी नंबरप्लेट मूळ जागेवर आहे का बघा, चावी काढल्यावर एखादा दिवा सुरू राहतो का तपासा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मग सीट काढून बॅटरीजवळच्या वायरी बघा. तिथे काळ्या टेपचे गोळे दिसले, तर नवं वायरिंग हार्नेस आणि ते बसवायची मजुरी किमतीतून वळती करून घ्या. विकणारा तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.