संशोधनातील संरचनात्मक वंशवाद : जबलपूरचे उदाहरण

वंशवाद म्हणजे केवळ व्यक्तीच्या मनातील आकस नव्हे. संस्थांचे नियम, निधीचे वाटप, अभ्यासक्रम व संशोधनपद्धती यांमधून एखाद्या समूहाला सातत्याने दुय्यम स्थान मिळत राहते, तेव्हा त्यास संरचनात्मक वंशवाद म्हणतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : तत्कालीन मध्य प्रांतातील जबलपूर येथे १८६६-६७ मध्ये प्रदर्शन भरले होते. तेथे आदिवासींना आणून त्यांची तपासणी करण्यात आली. नागपूर येथून १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समितीच्या अहवालाच्या शीर्षकातच त्यांना ‘नमुने’ म्हटले आहे. येथे ज्ञाननिर्मितीतील विषम श्रमविभागणी स्पष्ट दिसते : माहिती एका समूहाची, निष्कर्ष मात्र दुसऱ्याचे.

शिक्क्याचे दुष्परिणाम : सिकलसेल आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९१० मध्ये अमेरिकेत झाली. रुग्ण कृष्णवर्णीय होता. पुढे दीर्घकाळ हा कृष्णवर्णीयांचाच आजार मानला गेला. भारतात १९५२ मध्ये तो निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला. वस्तुतः या जनुकाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीस तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते. त्यामुळे त्याचा प्रसार वंशानुसार नव्हे, तर प्रामुख्याने हिवतापाच्या भूगोलानुसार झाला. विदर्भात तो आदिवासींप्रमाणेच अन्य समाजांतही आढळतो. ‘आदिवासींचा आजार’ असा शिक्का मारल्यास आदिवासींची बदनामी होते आणि इतर रुग्ण तपासणीवाचून राहतात.

बदलती दृष्टी : जबलपूर येथेच १९८४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आदिवासी आरोग्यासाठी संशोधन केंद्र स्थापन केले. परिषदेच्या २००० च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात संशोधनाचे ‘विषय’ असलेली माणसे २००६ मध्ये ‘सहभागी’ झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. त्यात ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

तथापि, शब्द बदलल्याने संरचना आपोआप बदलत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीकडे सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये लक्ष वेधले होते. प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याची वाटच विषम असेल, तर संशोधनाचे प्रश्नही मोजकेच लोक ठरवितात.

म्हणून कोणत्याही संशोधनाचे मूल्यमापन करताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत : प्रश्न कोणी ठरविला? माहिती कोणाकडून घेतली? लाभ कोणास मिळाला? तिन्ही उत्तरांत आदिवासी समाजाचा समावेश असेल, तरच ‘सहभागी’ हा शब्द सार्थ ठरेल.