गुलाबी बोंडअळी : मूळ कुठले, गोत्र कोणते?

आपल्या हॉस्टेलमधल्या कितीतरी जणांच्या घरी कापूस पिकतो. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले ते त्यांना सांगायला नको. बीटी बियाणे पेरूनही असे का झाले?

आधी तिचे मूळ पाहू. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकाने भडोचच्या नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे ही आपल्याकडची जुनी रहिवासी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती भारतातून गेलेल्या सरकीत बसून इजिप्तला पोचली, तिथून मेक्सिको आणि १९१७ मध्ये टेक्सास!

आता गोत्र. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या राज्यांतल्या अळ्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. तो फक्त आईकडून येतो, म्हणून वंशावळ शोधायला सोयीचा. फरक फारच थोडे निघाले. म्हणजे सगळी एकाच गोतावळ्यातली.

मग विविधता कमी म्हणजे अळी दुबळी का? मुळीच नाही. बीटीचे विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. कुलूप बिघडले की किल्ली लागत नाही, तसे हे प्रथिन बिघडले की विष लागू पडत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय अळ्यांमध्ये या जनुकाचे आठ नवे बिघाड सापडले. गोत्र एक, पण पळवाटा आठ!

थोडे गणित करू. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच अळी वाचते. समजा, हजारात एक प्रत बिघडलेली आहे. तर दोन्ही बिघडलेली अळी दहा लाखांत एक. शेजारी बिगर-बीटी कपाशीच्या ओळी असल्या तर तिथले साधे पतंग या एकटीशी जुळतात, आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. या ओळी बहुतेकांनी लावल्याच नाहीत. वाचलेल्यांचीच आपसात सोयरीक झाली. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी अळी जाहीर झाली. काही वर्षांत २००६ चे दोन जनुकांचे बीटीही निष्प्रभ ठरले.

अमेरिकेने मात्र बीटी, वांझ पतंग आणि काटेकोर शिस्त यांच्या जोरावर २०१८ मध्ये कापूसपट्टा या अळीतून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

आपल्या हातात काय? फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये, जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावावेत. पण एकट्याने करून भागणार नाही, कारण पतंगाला धुऱ्याची हद्द कळत नाही. सुट्टीत घरी गेलात की डोमकळी ओळखायला शिका, आणि शेजारच्या काकांनाही दाखवा.