दावा नाकारला, तरी डायलिसिस चुकवू नका

प्रश्न : वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. ‘आजार पॉलिसीआधीचा’ म्हणून कंपनीने दावा नाकारला. काय करावे?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : पॉलिसी सलग किती वर्षे चालू आहे, ते आधी पाहा. २०२४च्या नियमांनुसार अर्जात सांगितलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षे. ५ वर्षे उलटल्यावर तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणता येत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

तोवर महात्मा फुले जन आरोग्य योजना वापरा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, जुना आजारही चालतो. नगरला जा किंवा लोणीला, रुग्णालय योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्डावरचे नाव आधारशी जुळते का, हे आजच तपासा. एका चुकीच्या अक्षरावरून मंजुरी अडकते.