मुलाखतीची भाषा आणि तिचे अध्यापन

१. प्रश्नाचे स्वरूप

‘मुलाखत’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ भेट. ‘उमेदवार’ हा शब्द फारसी. त्याचा अर्थ आशा धरून असलेला. एके काळी ‘उमेदवारी करणे’ म्हणजे पुढे नोकरी मिळेल या आशेने कचेरीत किंवा कारखान्यात बिनपगारी काम शिकणे. अशा उमेदवाराची पारख त्याचे काम पाहून, महिनोन्‌महिने होत असे. आजच्या नोकरीच्या मुलाखतीत ही पारख फार तर अर्ध्या तासात उरकावी लागते, आणि कामाच्या जागी बोलणे हाच मुख्य पुरावा ठरतो. उमेदवार काय जाणतो यासोबतच तो ते कसे मांडतो, हेही तेथे मोजले जाते. त्यामुळे मुलाखतीची तयारी हा भाषाशिक्षणाचा प्रश्न होतो. आपल्या अभ्यासक्रमांनी मात्र तो बव्हंशी शिकवणीवर्गांवर सोपवला आहे.

महाराष्ट्राच्या बारावीच्या मराठी पाठ्यपुस्तकात ‘उपयोजित मराठी’ या विभागात ‘मुलाखत’ हा घटक आहे. तो विद्यार्थ्याला एखाद्या कर्तबगार व्यक्तीची मुलाखत घेण्यास शिकवतो. प्रश्न विचारण्याचे हे शिक्षण मोलाचे आहे. परंतु विद्यार्थ्यावर आयुष्यात बहुधा आधी येणारा प्रसंग मुलाखत देण्याचा असतो. त्या बाजूचा विचार करण्यासाठी संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे, कारण भारतीय भाषांचा आणि मुलाखतीचा संबंध तेथे स्पष्टपणे दिसतो.

२. मौखिक परीक्षेचे वजन

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ साली अहवाल दिला. त्यानुसार १९७९ पासून या परीक्षेची नवी रचना अमलात आली, आणि मुख्य परीक्षेतील उत्तरे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली. त्या रचनेत मुलाखतीला २५० गुण होते. १९९३ पासून ते ३०० झाले, तर २०१३ पासून ते २७५ आहेत. आजच्या एकूण २०२५ गुणांत हे प्रमाण सुमारे १३.६ टक्के भरते.

मौखिक परीक्षेला किती वजन असावे, याचा विचार न्यायालयांनाही करावा लागला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या अजय हसिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली निर्णय दिला. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते, व मुलाखती दोनतीन मिनिटांत आटोपल्याची तक्रार होती. मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे न्यायालयाने अवाजवी ठरवले. लीलाधर प्रकरणात (१९८१) न्यायालयाने प्रवेश आणि सेवाभरती यांत भेद केला: प्रौढ उमेदवाराच्या सेवाभरतीत मुलाखतीला अधिक वजन असू शकते. हरियाणातील अशोककुमार यादव प्रकरणात (१९८५) मात्र संघ लोकसेवा आयोगाचे तेव्हाचे १२.२ टक्क्यांचे प्रमाण आदर्श मानले गेले. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र शासनाच्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखत बंद करण्यात आली. या सर्व निर्णयांमागे एकच शंका आहे: थोड्या वेळाच्या बोलण्यातून गुणवत्ता कळते, की केवळ संस्कार आणि ओळखपाळख कळते? ज्याच्या घरात आजवर कोणी मुलाखतीला गेले नाही, त्या विद्यार्थ्यासाठी ही शंका अगदी व्यवहारातली आहे. शिक्षकाला तिचे निराकरण करता येणार नाही. परंतु तिची धार कमी करता येईल.

३. निबंधी मराठी

आयोग या चाचणीस ‘व्यक्तिमत्त्व चाचणी’ म्हणतो. तिचे स्वरूप उलटतपासणीचे नसून सहज परंतु हेतुपूर्ण संभाषणाचे असावे, अशी आयोगाची भूमिका आहे. बौद्धिक सावधता, स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, निर्णयाचा समतोल, सचोटी इत्यादी गुण तीत पाहिले जातात. उमेदवाराने अर्जात आपला जिल्हा, शिक्षण, छंद यांविषयी दिलेल्या माहितीवरही प्रश्न येतात. म्हणजे उमेदवाराला स्वतःच्या परिचयाच्या विषयावर बोलायचे असते. तरीही पुष्कळदा तो अडखळतो. कारण त्याला शाळेने दिलेली मराठी निबंधाची असते.

उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या उमेदवारास ‘तुमच्याकडे पाणी का नाही?’ असे विचारले, असे समजू. निबंधी मराठीतील उत्तर असे येते: ‘पाण्याचा प्रश्न हा अत्यंत गंभीर असून त्यावर शासनाने ठोस उपाययोजना करणे ही काळाची गरज आहे.’ वाक्य शुद्ध आहे, पण विचारलेल्या ‘का’चे उत्तर त्यात नाही. दुसरे उत्तर असे असू शकते: ‘माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. आमच्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वराच्या मानाने तेथे दशांशाच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून पडलेले पाणी अडवणे हा पहिला उपाय. पण अडवलेल्या पाण्यावर ऊस लावला, तर तेही पुरणार नाही.’ येथे कारण आहे, तुलना आहे, उपाय आहे आणि त्या उपायाची मर्यादाही आहे. या उत्तरासाठी लागणारे ज्ञान पहिल्या उमेदवारापाशीही असते. त्याला ते मांडण्याचा सराव नसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याची अडचण याच जातीची आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाविषयी विचारले असता ‘दाहक वास्तवाचे विदारक चित्रण’ अशी विशेषणे त्याच्या तोंडी येतात. ही विशेषणे समीक्षेतून उचललेली असतात. कष्टाचा मोबदला हक्काचा मानला जातो की दान, हा बलुत्याच्या प्रथेतील प्रश्न प्रशासनालाही कसा भिडतो, हे त्याने सांगितले तर त्याचे वाचन प्रकट होईल. वर्गात विशेषणे वर्ज्य करून एखाद्या कृतीविषयी पाच वाक्ये बोलावयास लावणे हा यावरचा साधा अभ्यास आहे.

४. दुभाष्यामार्फत जाणारे उत्तर

मुख्य परीक्षा मराठीतून दिलेल्या उमेदवारास मुलाखतीसाठी मराठी, हिंदी किंवा इंग्रजी यांतून निवड करता येते. मराठी निवडल्यास मराठी न जाणणाऱ्या सदस्यांपर्यंत त्याचे उत्तर दुभाष्यामार्फत पोहोचते. भाषांतराची ही परिस्थिती अध्यापनात जवळजवळ दुर्लक्षित राहिली आहे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा शेवटीच कळतो. ‘हे धोरण शेतकऱ्याच्या हिताचे होते असे जे सर्रास म्हटले जाते ते मला पूर्णपणे पटत नाही’ या वाक्यात बोलणाऱ्याची बाजू अखेरच्या शब्दापर्यंत उघड होत नाही. दुभाषी तोवर खोळंबतो, अथवा अंदाजाने भलतेच सुरू करतो. तोच आशय ‘हे मत मला पूर्णपणे पटत नाही. त्याची कारणे दोन आहेत’ असा मांडला, तर ऐकणारा प्रारंभापासून सोबत राहतो. म्हणींचेही तसेच आहे. ‘आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार’ ही म्हण मराठी श्रोत्याला क्षणात भिडते. दुभाष्याच्या तोंडून ती हवामानाची वार्ता होऊ शकते.

उच्चारांच्या प्रश्नाचाही येथे उलगडा होतो. ‘पानी’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचा ‘ण’ घटवून घेण्यात सरावाचा बराच वेळ जातो. दुभाष्यामार्फत जाणाऱ्या उत्तरात तो ‘ण’ पोहोचतच नाही; वाक्याचा क्रम आणि त्याची पूर्णता पोहोचते. मुलाखत घेणारे मराठीच असतील, तर उच्चारावरून मत बनण्याचा संभव आहे, आणि विद्यार्थ्यास हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तो दोष ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाचा आहे, हेही त्याच वेळी सांगणे अगत्याचे आहे.

५. अध्यापनाची दिशा

या विवेचनावरून अभ्यासाचा एक क्रम सुचतो. प्रथम, विद्यार्थ्याने आपल्या अर्जातील प्रत्येक नोंदीवर ‘का’ आणि ‘कसे’ असे प्रश्न स्वतःच तयार करावेत. दुसरे, प्रत्येक उत्तराचे पहिले वाक्य भूमिका सांगणारे असावे. तिसरे, अज्ञान मान्य करण्याची भाषा शिकवावी. ‘हे मला माहीत नाही’, ‘नेमका आकडा आठवत नाही, कारण सांगता येईल’ आणि ‘प्रश्न नीट समजला नाही, आपण तो पुन्हा विचाराल का?’ या तीन वाक्यांत तीन निराळ्या अवस्था आहेत. शाळेत उत्तर न येणे म्हणजे मान खाली घालून उभे राहणे; त्यामुळे या अवस्थांना शब्द देणे मुद्दाम शिकवावे लागते. चौथे, पाठ केलेल्या उत्तराची परीक्षा करावी: मध्येच उपप्रश्न विचारला की असे उत्तर थांबते, समजून दिलेले उत्तर वळण घेते.

पाचवा अभ्यास दुभाषाचा. तीन विद्यार्थ्यांपैकी एकाने मराठीत उत्तर द्यावे, दुसऱ्याने ते हिंदीत वा इंग्रजीत सांगावे, आणि मराठी न जाणणाऱ्या तिसऱ्याने आपल्याला काय समजले ते लिहावे. मूळ उत्तर व हे टिपण शेजारी ठेवले की काय गळाले ते विद्यार्थ्याला स्वतःच दिसते. दिल्ली विद्यापीठातील आधुनिक भारतीय भाषा विभागासारख्या ठिकाणी, जेथे अनेक भाषांचे विद्यार्थी एकाच छपराखाली शिकतात, हा अभ्यास सहज होण्याजोगा आहे. तमिळ वा बंगाली विद्यार्थ्यालाही याच वाटेने जायचे असल्याने त्याचा लाभ परस्परांना होईल.

अशा शिक्षणाने प्रत्येकास नोकरी मिळेल, असे नव्हे. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ, ही स्थिती भाषेने बदलत नाही. परंतु ज्ञान असूनही वाक्याअभावी मागे पडणारा विद्यार्थी हा भाषाविभागांच्या कक्षेतला प्रश्न आहे. लेखी निबंधासाठी राखलेल्या तासांपैकी आठवड्यातील एक तास प्रश्नोत्तरांना दिला, तर त्याचा आरंभ चालू सत्रातही होऊ शकतो.