भाकीत चुकते तेव्हा

डिसेंबर २०१२ मधील ती रात्र आपल्या वसतिगृहातील त्या वेळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. मध्य अमेरिकेतील प्राचीन माया लोकांच्या दिनगणनेचे एक आवर्तन २१ डिसेंबरला पूर्ण होत होते. आवर्तन संपले की दुसरे सुरू होते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु जगाचाच अंत होणार, अशी हाकाटी काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी चालविली होती. सातवीतील एका मुलाने पेटीतील शेंगदाण्याचे लाडू, कंपासपेटी आणि घरून आलेला नवा स्वेटर मित्रांना वाटून टाकला. २२ तारखेला नेहमीप्रमाणे परिपाठ झाला. नुसतीच भीती बाळगलेली मुले हसून मोकळी झाली. स्वेटर देऊन बसलेला मुलगा मात्र म्हणाला, "सर, तारीख मोजाले चुकले असतीन. पुढच्या साली होईन."

मी विज्ञान शिकवीत असे. वर्गासमोर मी त्याला हसलो. तो पुन्हा त्या विषयावर माझ्याशी कधीच बोलला नाही.

भाकीत खोटे ठरल्यावर श्रद्धा सुटावी, ही आपली सरळ अपेक्षा असते. तसे सहसा का होत नाही, याचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत झाला. शिकागोजवळच्या ओक पार्क येथील डोरोथी मार्टिन या गृहिणीला परग्रहावरील जीवांकडून संदेश येत असल्याचे ती सांगे. २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येईल आणि आदल्या मध्यरात्री उडती तबकडी येऊन श्रद्धावंतांना घेऊन जाईल, असा तो संदेश होता. (तारीख पुन्हा २१ डिसेंबर, हा निव्वळ योगायोग.) लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी आपली माणसे श्रद्धावंत म्हणून त्या गटात पाठविली. तबकडीत धातू चालत नाही, म्हणून लोकांनी कपड्यांच्या चेनसुद्धा कापून काढल्या. मध्यरात्र उलटली, कोणी आले नाही. पहाटे पाचच्या सुमारास नवा संदेश 'आला': या छोट्या गटाने रात्रभर एवढा प्रकाश पसरविला की देवाने जग वाचविले. आजवर वार्ताहरांना टाळणारी ही मंडळी त्या दिवसापासून स्वतःहून वर्तमानपत्रांना दूरध्वनी करू लागली.

फेस्टिंगर यांचे म्हणणे असे की, ज्याने श्रद्धेपायी नोकरी, पैसा, अब्रू पणाला लावलेली असते, त्याला 'मी चुकलो' हे मान्य करणे फार महाग पडते. त्यापेक्षा चुकलेल्या भाकिताचा नवा अर्थ लावणे स्वस्त. शिवाय तो एकटा नसावा लागतो. त्या रात्री एकत्र बसलेल्यांची श्रद्धा टिकली; सुट्टीत आपापल्या घरी एकटे वाट पाहणाऱ्यांची बहुतांशी ओसरली. एवढ्याशा गटात निरीक्षकच इतके होते की त्यांच्या उपस्थितीनेच चित्र बदलले असावे, असा आक्षेप या अभ्यासावर घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. तरी त्या सकाळचा स्वेटरवाला मुलगा मला या पुस्तकामुळेच उशिरा कळला.

असे केवळ अमेरिकेतच घडते, असे मात्र समजू नये. फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीची आठवण आपल्याकडील वृद्धांना अजून आहे. ३ ते ५ फेब्रुवारी या काळात रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार, म्हणून प्रलयाची भाकिते झाली. देशभर यज्ञ पेटले, त्यांत तूप आणि धान्य होमले गेले. त्याच महिन्यात तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान झाले आणि १ मे रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. प्रलय काही झाला नाही. तेव्हा यज्ञ करणारे म्हणाले, संकट टळले ते यज्ञांमुळेच. हा ओक पार्कचाच पहाटेचा संदेश! पुढे ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, तेव्हा 'पाहा, अष्टग्रहीचे फळ' म्हणणारेही निघाले. तारीख सरकविली की कोणतेही भाकीत खरे करता येते.

आपल्या वऱ्हाडात तर दरवर्षी भाकीत होते. बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतात घटमांडणी करतात. मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, राजा आणि गादीसाठी पान-सुपारी, भोवती अठरा प्रकारचे धान्य. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे दिसणाऱ्या बदलांवरून पाऊस, पिके आणि राजकारण सांगितले जाते. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. जमलेल्या शेतकऱ्यांना मी हसणार नाही. पाऊस केव्हा येईल या चिंतेने ज्याची झोप उडते, त्याला कोणाचा तरी शब्द हवा असतो. पण तो शब्द कसा असतो पाहा: 'साधारण', 'लहरी', 'कुठे कमी, कुठे जास्त'. असे भाकीत खोटे ठरूच शकत नाही. आणि पेरणी उलटली तर शेतकरी भाकिताला नव्हे, स्वतःच्या नशिबाला दोष देतो. दुबार पेरणीचे बियाणे मात्र त्यालाच उधारीवर आणावे लागते.

दीघनिकायातील पहिल्या, ब्रह्मजाल सुत्तात, भगवान बुद्धांनी ज्या विद्यांना 'तिरच्छानविज्जा' म्हणजे हीन विद्या म्हटले, त्यांत सुवृष्टी-दुर्वृष्टी, सुकाळ-दुष्काळ, ग्रहणे आणि राजांचे जय-पराजय सांगणे येते. पाऊस आणि राजा, दोन्ही. तरी आपल्यापैकी किती घरांत लग्नाची तारीख गुपचूप कोणाला तरी विचारली जाते, हे आपले आपण जाणतो.

हवामान खाते तरी कोठे बरोबर सांगते, असा प्रश्न पालक विचारतात. प्रश्न योग्य आहे. २००९ मध्ये खात्याने एप्रिलात सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला, जूनमध्ये तो ९३ वर आणला. प्रत्यक्षात सुमारे ७८ टक्के पाऊस पडला. भाकीत सपशेल चुकले. पण अंदाजाबरोबर किती टक्के इकडेतिकडे होऊ शकते हे आधीच छापलेले होते, म्हणून ते चुकले हे कोणालाही दाखविता आले. पुढे २०१२ मध्ये अंदाजाच्या पद्धती सुधारण्यासाठी मान्सून मिशन सुरू झाले. दरम्यान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हा कृषी विभागाचा सल्ला आहे. त्याला कोणाच्या भाकिताची गरज नाही; पर्जन्यमापक पुरतो.

आता शाळेत एक वही ठेवली आहे. आखाजीनंतर मुले घटमांडणीचे भाकीत आणि हवामान खात्याचा अंदाज तारखेसह शेजारी-शेजारी लिहितात आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ताडून पाहतात. मी निकाल सांगत नाही आणि कोणाला हसत नाही. पहिल्या वर्षी ताडणी पूर्णच झाली नाही. 'साधारण पाऊस' म्हणजे किती मिलिमीटर, यावर दोन गटांत जेवणाच्या घंटेपर्यंत भांडण चालले होते.