किशोरवयीनांचे कलापथक आणि सकस आहार

सकस आहारावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. १९८२ पासून सप्टेंबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय पोषण सप्ताह म्हणून, तर २०१८ पासून तो संपूर्ण महिनाच पोषण माह म्हणून पाळण्यात येतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. मासिक पाळीतील रक्तस्राव हे या तफावतीचे एक कारण होय. ताटातील वाटणी हे दुसरे. ते व्यासपीठावरून सांगितले तर गावाला रुचत नाही. सोंगाड्याने विचारले तर गाव हसते आणि ऐकून घेते.

ही रीत नवी नव्हे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न करीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. तमाशातील बतावणीही सवाल-जबाबावरच रंगते. आठवी ते दहावीच्या मुलामुलींच्या कलापथकाला हाच साचा सोयीचा पडतो.

संहिता मात्र मुलांनीच रचावी. शिक्षकांनी लिहून दिलेल्या संहितेत प्रथिने व जीवनसत्त्वे फार आणि गावची भाकरी कमी, असा अनुभव येतो. प्रथम आठवडाभर प्रत्येकाने आपल्या घरी कोण केव्हा जेवले, शेवटी बसणारीच्या वाट्याला काय उरले, दुकानातून कोणती पुडी आली, याचे टिपण ठेवावे. (घरांची नावे प्रयोगात येऊ नयेत, हे सांगावयास नकोच.) त्यातूनच बतावणी उभी राहते. उदाहरणार्थ :

‘सरदार, भाजी कुणी खाल्ली?’
‘धन्यानं.’
‘उरलेली?’
‘पोरानं.’
‘आन् पोरीनं?’
‘तिनं भांडं घासलं की!’

येथे ढोलकी क्षणभर थांबवावी.

यानंतर माहिती सांगितली तर ती ऐकली जाते. बाजरी, हुलगे, अळीव, शेवग्याचा पाला यांत लोह आहे. जेवणात लिंबू पिळल्यास ते अंगी अधिक लागते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळते म्हणून पुष्कळ मुली टाकून देतात. ती उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी आणि शौचाचा रंग काळा झाला तर भिऊ नये, एवढे एका मैत्रिणीने रंगमंचावरून सांगितले तरी पुष्कळ काम होते.

एक धोका मात्र आहे. पुडीतले चटकमटक खाणारे पात्र बहुधा विनोदी असते आणि भाकरीचे गुण गाणारे कंटाळवाणे. प्रेक्षक घरी जाताना पुडीच आठवतात! म्हणून खुमासदार वाक्ये भाकरीवाल्या पात्राला द्यावीत. लठ्ठ किंवा हडकुळ्या मुलाला उभे करून हशा मिळवू नये. सारा दोष आईवर टाकण्याचा मोहही टाळावा. बाजाराची पिशवी घरोघरी तिच्याच हाती असते असे नाही.

प्रयोग ग्रामसभेच्या दिवशी ठेवणे सोयीचे, कारण काही गोष्टी मुलांच्या हातच्या नाहीत. २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड वा अतिखारट पदार्थ विद्यार्थ्यांना विकण्यास मनाई आहे. प्रयोगास आलेल्या पंचायत सदस्यांनी परतताना हे अंतर एकदा पावलांनी मोजून पाहावे.